टॉफीच्या पानाची मागची बाजू

इल्फर्ड, २८ ऑगस्ट २०२५

शशिधर,

वर 'अनेक उत्तम आशीर्वाद' नाहीत, ते विसरून नव्हे. थोरल्याने धाकट्याला लिहायचे असतात, मला ठाऊक आहे. दहा वर्षांचे साठलेत. तुझं वागणं सुधारलं तर एकदम पाठवीन, सेकंड क्लासच्या टपालाने.

लिहायचं कारण तुझी तनू. केंब्रिजच्या तिच्या म्युझियममध्ये ती प्रदर्शन लावते आहे : युद्धानंतरच्या सचित्र साप्ताहिकांतल्या गोळ्या-चॉकलेटांच्या जाहिराती. दोन ऑक्टोबरला, म्हणजे दसऱ्याला, उघडणार. मला आमंत्रण आलंय. 'काका, चाळीस वर्षं तुम्ही हेच विकलं, तुम्ही नाही आलात तर कोण येणार?' पोरगी तुझी असून बोलायला गोड आहे, मधुमतीवर गेली असणार.

माझा धंदा तुला कधी पसंत नव्हता. जुनी मासिकं घ्यायची, शिवण उसवायची, जाहिरातीची पानं सोडवून पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवायची आणि स्पिटलफील्ड्सच्या बाजारात मांडायची. 'दादा कागदाचा कसाई आहे' असं तू मधुमतीला म्हणाला होतास, आमच्याच स्वयंपाकघरात, नळ सोडून. नळ सोडला म्हणजे मला ऐकू येत नाही असं तुला वाटलं. या कानांवर मी घर बांधलंय, बाबा. गिऱ्हाईक स्टॉलपासून चार पावलं लांब गेलं की बायकोच्या कानात काय बोलतं, त्यावर माझं पोट चाललं.

आणि गिऱ्हाईक तरी काय! पन्नाशीचा माणूस पानासमोर उभा राहून उसासा सोडतो, 'किती साधे दिवस होते ते!' त्याला विचारावंसं वाटतं, तुझा जन्म कधीचा रे? त्या साध्या दिवसांत युद्ध संपून आठ वर्षं झाली तरी पोरांना मूठभर गोळ्या कुपनावर मिळायच्या, आणि तिशीत बायकांच्या तोंडात कवळ्या. पण चित्रात बघ. गुलाबी गाल, घासून धुतलेले गुडघे, पाइप ओढणारा बाप आणि एप्रनमधली आई. ती टॉफी पुढे करते आणि पोरगा तिच्याकडे असा बघतो, जणू तिने त्याला घर लिहून दिलं. मी आयुष्यभर हे थोतांड विकलं आणि एक दिवसही त्यावर विश्वास ठेवला नाही.

आता मुद्दा. तनूच्या यादीत नववं नाव आहे : 'ब्रॅम्विक टॉफी, पूर्ण पान, रंगीत, फेब्रुवारी १९५३.' गोळ्यांचं रेशन उठलं त्या आठवड्याचं. वरती मोठ्या अक्षरांत, आता हवी तेवढी घ्या.

ओळखलंस ना? तुला विसरण्याची सोय आहे म्हणून सांगतो. तुझी वहिनी, सुनेत्रा, लायब्ररीत लागली तेव्हा तिथे जुने खंड फेकायला काढले होते. तिने त्यातला एक, १९५३च्या पहिल्या सहामाहीचा, बसमधून मांडीवर ठेवून घरी आणला. तोवर मी डब्यांच्या कारखान्यात पत्रे कापत होतो. त्या खंडावरून मला धंदा सुचला. ती म्हणाली होती, 'बाकीचे हवे तेवढे कापा. हा कापायचा नाही. ही आपली लक्ष्मी.' दर दसऱ्याला पाटावर हा खंड, शेजारी माझा चाकू आणि पोलादी पट्टी, तिघांना हळद-कुंकू. खंड नेहमी त्याच पानावर उघडायचा, टॉफीच्या. आपट्याची पानं इल्फर्डला कुठून आणणार, म्हणून टॉफीचे सोनेरी कागद ती आपट्याच्या आकाराचे कापायची. तेच आमचं सोनं.

२०१५च्या दसऱ्याला तुम्ही दोघं कार्डिफहून आला होतात. आदल्या संध्याकाळी खंड तुझ्या मांडीवर होता. सकाळी सुनेत्राने उघडला, तर ते पान नाही. तिने कापलेल्या काठावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, 'अहो, हे कुठं गेलं?' पुढे काय झालं ते तुला माहीत आहे. तू चहासुद्धा न घेता निघालास, आणि मला द्यायचं सोनं शू-रॅकवर ठेवून गेलास. मी घेतलं नाही म्हणून.

आता माझं मन मोठं आहे. कुणी कापलं, कसं बाजारात गेलं, काही विचारणार नाही. फक्त तनूला सांग की ते नववं पान काढून टाक. इतकी पानं आहेत, एकाने काय बिघडतंय? घराण्याचा विषय आहे, लोकांसमोर काचेत नको. तू तिचा बाप आहेस, तुझं ऐकेल.

मोहन


इल्फर्ड, ९ सप्टेंबर

शशिधर,

तुझं कार्ड मिळालं. पुढे कार्डिफचा किल्ला, मागे चार ओळी. 'दादा, पान मी घेतलं नाही. हे मी त्याच दिवशी सांगितलं होतं. तनूच्या कामात मी पडत नाही. मधुमतीचा गुडघा आता बरा आहे.'

गुडघ्याचं कुणी विचारलं होतं? जन्मभर हॉस्पिटलात लोकांची हाडं बघितलीस, त्यामुळे कुठलंही पत्र हाडावर येऊनच थांबतं तुझं. आणि हा संतपणा! शिव्या घालाव्यात, भांडावं, फोन आपटावा. ते नाही. चार ओळी, आणि गुडघा. लहानपणीही मी चापट मारली की तू रडायचा नाहीस, नुसता बघत राहायचास, आणि आईला वाटायचं मी दोन मारल्या.

तू पडत नाहीस म्हणून मलाच केंब्रिजला जावं लागलं. लिव्हरपूल स्ट्रीटहून ट्रेनमध्ये समोर दोन पोरं, कुठल्यातरी जुन्या बिस्किटाच्या डब्याचा फोटो बघून हळहळत होती. वय वीस. यांना आठवण कशाची येते, मला कुणीतरी समजावून सांगा.

तनू दारातच येऊन गळ्यात पडली. 'काका! फायनली! तुम्ही किती बारीक झाली!'

म्हटलं, 'झालात. झाली म्हणजे तुझी आई.'

'ओके, ओके. झालात. चला, माझा भिंत दाखवते.'

तुझ्या पोरीचं काम बरं आहे. असं मी सहसा म्हणत नाही. चांगलं पान कुठलं हे तिला डोळ्यांनी कळतं, पुस्तकातून नाही. ती ज्या मॅडमच्या हाताखाली आहे, त्या मात्र माझ्याशी हळू आणि मोठ्याने बोलत होत्या, बहिऱ्याशी बोलावं तसं. मग वळून दुसऱ्या बाईंना पुटपुटल्या, 'काकांना बघून तनूला किती बरं वाटलं, स्वीट ना?' दहा पावलांवरून ऐकलं. मी गोड आहे म्हणे. या वयात जाहिरातीत जमा झालो.

ब्रॅम्विकचं पान फ्रेममध्येच होतं, मागून सीलबंद. एका पबवाल्याच्या बायकोने नवरा गेल्यावर देऊन टाकलं. त्याने बाजारात घेतलं होतं म्हणे. चोरीचा माल बाजारातच जातो, त्यात नवल नाही.

मी तनूला म्हटलं, 'हे पान साधं आहे ग. याच्या जागी माझ्याकडचं पेपरमिंटचं लाव. फुकट देतो.'

'नो वे! हा तर माझा स्टार आहे. हॉलच्या मध्ये, दोन काचांमध्ये उभा करणार. लोक पुढून बघतील, मग फिरून मागून.'

'मागून कशाला? मागे काय असतं?'

'मागची बाजू बेस्ट असते काका! दुसरी कॉपी आहे आमच्याकडे, फाटलेली, त्यात बघितलं. पुढे टॉफी, आणि मागे गेस काय? कवळी साफ करायची पावडर! सेम पान! आमची कॉन्झर्व्हेटर, जुने कागद रिपेअर करते ती, पुढच्या आठवड्यात फ्रेम उघडेल.'

मी हसलो. जिना उतरताना गुडघा दुखला, माझा. तो तुला लिहून कळवतोय, बरोबरी झाली.

अजून वेळ आहे. बाप म्हणून एक फोन कर. पुढची बाजू दाखव म्हणावं, मागची झाकून ठेव. एवढंच.

मोहन


इल्फर्ड, २२ सप्टेंबर

शशिधर,

काल रविवारी तनू इथे आली होती. तू पाठवली नाहीस हे मला कळलं, कारण तिने आल्या आल्या विचारलं, 'बाबाला तुम्ही काय काय लिहिता?' म्हणजे तू तिला काही बोललेला नाहीस. दहा वर्षांत पोरीला एवढंही सांगितलं नाहीस की तुझा काका मला चोर म्हणतो. भांडण झालं, एवढंच तिला ठाऊक. तुझ्या या चांगुलपणाचा मला किती त्रास होतो, तुला कल्पना नाही.

चहा झाला. तिने फोन काढला, फोटो मोठा केला. कवळीच्या पावडरीची जाहिरात, आणि खाली कोपऱ्यात पेन्सिलीने काहीतरी.

माझी एक सवय तुला बहुधा माहीत नाही. पान कापलं की त्याच दिवशी मी मागच्या कोपऱ्यात तारीख घालतो, मराठी आकड्यांत. माल किती दिवस पडून आहे हे मला कळावं आणि गिऱ्हाईकाला कळू नये. गोऱ्याला ती वेलबुट्टी वाटते. चाळीस वर्षं एकालाही वाचता आली नाही.

तनू म्हणाली, 'काका, हा सहा आहे.'

मी म्हटलं, 'बाजारात कुणीही काहीही लिहितं.'

'स्पिटलफील्ड्सला कुणीही मराठी आकडे लिहितो?'

'असतील कुणी.'

'काका. हा सहा. हा आठ. हा पंधरा. सात आणि नऊ मी अजून मिक्स करते, बट सहा मला पक्का येतो. तुम्हीच शिकवला.'

खरं आहे. ती पाच वर्षांची असताना स्टॉलवर शोभेला ठेवलेल्या गोळ्यांच्या बरण्यांवर मी आकडे चिकटवले होते. जो आकडा वाचेल त्या बरणीतलं एक घ्यायचं. सहाची बरणी टॉफीची होती. बाकीचे आकडे तिने कधी मनावर घेतले नाहीत.

'सहा ऑगस्ट, दोन हजार पंधरा,' ती म्हणाली. 'आणि तुम्ही आणि बाबा भांडलात तो दसरा ऑक्टोबरमध्ये होता. मी आईला फोन करून विचारलं. भांडण कशावरून ते पण विचारलं.' मग मराठी सोडून इंग्रजीत बोलली, सावकाश, त्या मॅडमसारखी. बाबाला तुम्ही स्वतः सांगायचं. दसऱ्यापर्यंत. नाही सांगितलंत, तर लेबलवर ही तारीख मी छापणार आणि ओपनिंगला बाबा ती तिथेच वाचेल.

तेव्हा सांगतो. वर्षाला शेकडो पानं कापत होतो मी. दोन-दोन खंड टेबलावर, मन दुसरीकडे. त्यात चुकून हा खंड हाताखाली आला असेल, पान सुटलं असेल, ढिगात गेलं असेल. माणसाकडून होतं. दसऱ्याला माझ्या ध्यानात नव्हतं, आणि आदल्या दिवशी खंड तुझ्याकडे होता. परिस्थितीच तशी होती. कुणीही तेच म्हटलं असतं.

तर तू सुटलास. अभिनंदन. तनूला कळव की काकांचं पत्र आलं, म्हणजे लेबलचा विषय मिटेल.

मोहन


केंब्रिज, २ ऑक्टोबर, दसरा

शशी,

तुझं दुसरं कार्ड सोमवारी आलं. तोच किल्ला. या वेळी गुडघाही नाही. एकच शब्द, 'चुकून?'

तीन दिवस ते कार्ड मी फ्रिजवर लावून ठेवलंय. येता-जाता वाचतो. इतका तुच्छतेने भरलेला शब्द तू लिहू शकशील असं मला वाटलं नव्हतं. मग लक्षात आलं, त्यात तुच्छता नाहीच. तू नुसतं विचारलं आहेस. ती मी घातली. मला सगळीकडे तीच ऐकू येते.

म्युझियमच्या कॅफेत बसून लिहितोय. तुमची कार्डिफची गाडी तीनला पोचेल असं तनू म्हणाली. हे पत्र ती तुझ्या हातात देईल.

चुकून नाही.

त्या ऑगस्टमध्ये स्टॉलवर एक गृहस्थ आला. लाल मान, पिवळी कॉर्डरॉयची पँट. त्याच्या तीन पबच्या भिंतींना त्याला असली पानं हवी होती. पानं उलटीपालटी केली, माझ्याकडे बघून छान हसला, आणि चार पावलं जाऊन बायकोला म्हणाला, 'या लोकांकडे सगळ्या कॉप्याच असतात, डार्लिंग. खरी वस्तू यांच्या हाताला लागत नाही.'

मी हाक मारली. म्हटलं, सर, गुरुवारी या. खरी वस्तू काय असते ते दाखवतो.

गुरुवारी सुनेत्रा कामावर गेल्यावर खंड पिशवीत घालून नेला. त्याच्यासमोर उघडला. त्याच्यासमोर पट्टी लावली आणि कापलं, म्हणजे आतून निघालेलं आहे याबद्दल त्याला शंका राहायला नको. त्याने तोंडाचा चंबू केला. मला काय वाटलं सांगू? जिंकल्यासारखं वाटलं. बायकोची लक्ष्मी कापून एका पबवाल्याला गप्प केलं मी. घरी येताना बसमध्ये गाणं म्हणत होतो. आणि सवयीने मागे तारीख घातली होती, हे पुरतं विसरलो.

तुला मी चोर म्हटलंच नाही, आठवून बघ. सुनेत्राने विचारलं, 'अहो, हे कुठं गेलं?' आणि मी म्हटलं, 'काल संध्याकाळी खंड कुणाच्या मांडीवर होता?' बस. प्रश्न विचारला. खोटं एक अक्षर बोललो नाही. याचा मला दहा वर्षं अभिमान होता, शशी. एवढा हुशार आहे तुझा भाऊ.

नंतर सांगणं रोज थोडं थोडं अवघड होत गेलं. मग तुझा राग करणं सोपं पडलं. तुझी चार ओळींची पत्रं, तुझा शांतपणा, तुझं हॉस्पिटलचं पेन्शन, सगळ्याला नावं ठेवली. सुनेत्रा गेली तेव्हा कोविडचे दिवस, क्रेमेटोरियममध्ये तीसच माणसांना प्रवेश. तू बाहेर कार पार्कमध्ये उभा होतास, मास्क लावून, हात जोडून. मला काचेतून दिसत होतं. तेव्हाही मनात म्हटलं, बघा, नाटक.

आज सकाळी पूजा केली. ती गेल्यापासून खंड कपाटाबाहेर काढला नव्हता. आज काढला, पाटावर ठेवला, चाकू ठेवला, पट्टी ठेवली. नेहमीच्या जागी उघडला. जिथं पान होतं तिथं, कापलेल्या काठाला लागून, सोनेरी कागद होते. आपट्याच्या आकाराचे. सहा. एकाला मधोमध घडी पडली होती, खिशात दुमडून ठेवल्यासारखी. ते तुझं, शू-रॅकवरचं. बाकीचे पाच, ती असेपर्यंतच्या पाच दसऱ्यांचे; त्या वर्षांत पूजेला खंड ती मिटलेलाच ठेवायची.

दरवर्षी ती मला म्हणायची, 'यंदा शशीभाऊजींना बोलवायचं का?' मी म्हणायचो, आधी त्याला कबूल करू दे. ती म्हणायची, 'बरं. कबूल झालं की सांगा.' आणि आत जायची. हे कान, ज्यांचा मी एवढा डंका पिटतो, त्यांनी ते वाक्य पाच वर्षं ऐकलं. कबूल कुणी करायचं, हे तिने कधी म्हटलं नाही, ते आज ऐकू आलं.

तिने काठावरून बोट फिरवलं होतं ना? तुला साधं पाकीट सरळ फाडता येत नाही, तिला माहीत होतं. असा सरळ काठ त्या घरात एकाच माणसाच्या हाताचा. तिला त्याच सकाळी कळलं होतं. माझं तोंड कधी उघडतं, याची वाट बघत राहिली, आणि तुझं सोनं राखून ठेवलं.

लेबल तनूने मलाच लिहायला लावलं. म्हणाली, 'काका, तुमच्या हॅंडरायटिंगमध्ये.' मराठीत वर, इंग्रजीत खाली. 'हे पान ६ ऑगस्ट २०१५ रोजी सुनेत्राच्या खंडातून कापलं. कापणारा : तिचा नवरा, मोहन. आळ घेतला तो धाकट्या भावावर, शशिधरवर. त्याने कापलं नव्हतं.' मॅडमना शेवटच्या दोन ओळी विषयाला सोडून वाटल्या. तनू त्यांना इंग्रजीत काय म्हणाली ते इथे लिहीत नाही, पण ओळी राहिल्या. पोरगी तुझी असली तरी जीभ माझी आहे.

आशीर्वाद लिहिणार होतो. दहा वर्षांचे साठलेत म्हणून ऐट मारली होती, पण देणाऱ्याची लायकी लागते, तिथं अडलंय.

पान हॉलच्या मध्ये उभं आहे. पुढून आलास तर तुला ते गुलाबी कुटुंब दिसेल. त्यांच्यापाशी थांबू नकोस, वळसा घाल. मागे कवळीची पावडर आहे, कोपऱ्यात माझे आकडे आहेत, खाली लेबल, आणि बाकावर मी बसलोय. घडीचं सोनं खिशात आहे. दसऱ्याला धाकट्याने थोरल्याला द्यायचं असतं, म्हणून ते आधी तुला परत करतो. मग ते माझ्या हातावर ठेवायचं, की घेऊन कार्डिफला जायचं, तुझं तू बघ.

चारला चहा आहे. मागच्या वेळी राहिला होता.

दादा